नमुना आणलाय का?

हार्डवेअरच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक वस्तूचं नाव क्वचितच सांगतं. ते खिशातून किंवा पिशवीतून काहीतरी काढतं आणि काउंटरवर ठेवतं. झिजलेला वायसर, अर्धी तुटलेली बिजागरी, नळातून काढलेला स्पिंडल, खिडकीच्या कडीचा वाकलेला आकडा. "असलं द्या," एवढंच त्याचं बोलणं. हात रिकामे असतील तर दुकानदारच विचारतो, "नमुना आणलाय का?"

माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. घरातलं काही उघडलं की खराब झालेला भाग कागदात गुंडाळून पिशवीत टाकायचा, मगच बाजारात जायचं, ही त्यांची शिस्त. त्यांची पान्यांची पेटी आता माझ्याकडे आहे. घरातली गळती, सैल झालेली दारं, पंख्याची घरघर हे सगळं मी स्वतः बघते. सामान दोन्ही ठिकाणांहून घेते, फोनवरून मागवते आणि बोहरी आळीतूनही आणते. कुठून काय घ्यावं हा प्रश्न त्यामुळे माझ्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उभा राहतो, आणि दरवेळी मला तो किमतीपेक्षा मोठा वाटतो.

पुण्याच्या रविवार पेठेतली बोहरी आळी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चिकटून दुकानं, मध्ये हातगाड्या, टेम्पो आणि दुचाक्या. एका दुकानात फक्त दोर आणि साखळ्या, पुढच्यात स्क्रू आणि नट-बोल्ट, त्यापुढे कुलपं, जाळ्या, चाकं, कानशी, पॉलिश पेपर. दाऊदी बोहरा व्यापाऱ्यांची ही जुनी पेठ, म्हणून तिचं नाव तसं. मुंबईत हेच काम नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळ करतात, नागपुरात इतवारीतली लोहा ओळ. या बाजारांची एक रीत मला फार आवडते. आपल्याकडे वस्तू नसेल तर दुकानदार ती कुठे मिळेल ते सांगतो. "तिसऱ्या दुकानाच्या वर, जिन्यानं जा, तिथे मिळेल." सबंध आळीत कुणाच्या फळीवर काय आहे याचा नकाशा प्रत्येकाच्या डोक्यात असतो आणि तो गिऱ्हाइकाला फुकट मिळतो.

फोनवरच्या दुकानात आधी शोधायच्या चौकटीत काहीतरी लिहावं लागतं. म्हणजे नाव माहीत हवं. पाणी तापवायच्या टाकीखालच्या त्या छोट्या पितळी तुकड्याला काय म्हणतात? स्टीलच्या जुन्या खिडकीचं तावदान उघडं धरून ठेवणाऱ्या भोकाभोकांच्या दांडीला काय म्हणतात? आता फोटो काढूनही शोधता येतं, पण फोटोत आकार दिसतो, माप दिसत नाही. आणि हार्डवेअरमध्ये सगळं भांडण मापाचं असतं.

वाईजवळच्या आमच्या आजोळी एक जुना शिसवी झोपाळा आहे. त्याच्या फळीखाली जाड लोखंडी पट्ट्या आहेत आणि त्या पट्ट्यांमध्येच आटे पाडलेले आहेत. कड्यांचे बोल्ट वरून येऊन त्या आट्यांत बसतात. त्यातल्या एका बोल्टचे आटे झिजून गेले. मामेभावानं व्हर्नियर (जाडी अचूक मोजायचं साधन) लावला, साडेबारा मिलिमीटरच्या आसपास भरलं. साहजिकच त्याला वाटलं की हा बारा एमएमचा, म्हणजे एम-12 बोल्ट. फोनवर त्याची पाकिटं सतराशे साठ, उद्या घरपोच. मी म्हटलं, थांब, मी पुण्याला नमुना घेऊन जाते.

आळीतल्या शेठनी तो बोल्ट हातात घेतला, अंगठ्यानं गंज पुसला आणि मागच्या खणातून आपला एक बोल्ट काढला. दोन्ही बोल्ट शेजारी शेजारी धरून आट्यांत आटे बसवले आणि दाराकडच्या उजेडात बघितले. जुळले असते तर मधून उजेड आला नसता. इथे दोन-तीन आट्यांनंतर फट दिसायला लागली. "ताई, हा एमएमचा नाही. चार सुती आहे, इंची. घर जुनं आहे ना?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. हे आटे व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानं 1841 साली आट्यांचं एक ठरावीक माप मांडलं, तोवर ज्याचा त्याचा कारखाना आपापल्या मनाचे आटे पाडत असे. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन 55 अंशांचा, मेट्रिकचा 60. अर्धा इंची बोल्टला इंचाला 12 आटे, तर एम-12 च्या दोन आट्यांमधलं अंतर 1.75 मिलिमीटर, म्हणजे इंचाला साडेचौदा. आपल्याकडे वजन-मापांचा दशमान कायदा 1956 चा. त्याआधी बांधलेल्या घरांत, यंत्रांत, रहाटांत, लोखंडी फाटकांत इंची आटेच सापडायचे, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं कारखान्यांमधून तेच निघत राहिले.

माप थोडंसं चुकल्यानं काय बिघडतं असं कुणाला वाटेल, म्हणून हे नीट सांगते. एम-12 चा बोल्ट अर्धा इंची आट्यांत पहिले दोन फेरे सहज जातो. मग आट्यांचं अंतर जुळेनासं होतं आणि तो अडकतो. पिळणाऱ्याला हाताला घट्ट लागतो आणि वाटतं, छान बसला. प्रत्यक्षात सगळा भार एक-दोन आट्यांच्या कडांवर असतो. त्या झोपाळ्यावर दुपारी म्हातारी माणसं बसतात आणि सुट्टीत चार-चार पोरं एकदम उभी राहून झोके घेतात. शेठनी खालच्या खणातून अर्धा इंची व्हिटवर्थचा बोल्ट काढून दिला, सोबत स्प्रिंग वायसर आणि पट्टीखालून लावायला एक जास्तीचा नट. "एकच बदलू नका. चारही घेऊन जा. एक झिजला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. मी एका बोल्टसाठी गेले होते. त्यांनी झोपाळा बघितला नव्हता, तरी त्यांच्या डोळ्यांसमोर अख्खा झोपाळा होता.

मापांचा हा गोंधळ फक्त जुन्या घरांपुरता नाही. आजच्या कुठल्याही घरात तो आहे. लाकडाचा स्क्रू मागताना आपण "35 बाय 8" म्हणतो. त्यातले 35 मिलिमीटर लांबीचे आणि 8 हा जाडीचा नंबर, ते ना मिलिमीटर ना सूत. अर्धा इंची पाइप म्हणतो, पण जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, अर्धा इंची पाइपचा बाहेरचा व्यास 21 मिलिमीटरच्या वर भरतो. गरम पाण्याचा सीपीव्हीसी हा प्लॅस्टिकचा अर्धा इंची पाइप मात्र बाहेरून जेमतेम 16 मिलिमीटर. दोघांचं नाव एकच, एकाचं फिटिंग दुसऱ्याला लागत नाही, आणि तरीही आट्यांचं जोडणारं टोक दोघांचं अर्धा इंचीच असतं. प्लंबरला हे पाठ असतं. स्वतः नळ बदलायला बसलेल्या माणसाला नसतं, आणि पडद्यावर "अर्धा इंच" एवढंच छापलेलं असतं. काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "पाइप कुठला आहे, पांढरा, पिवळट की लोखंडी?" त्या एका प्रश्नात संध्याकाळभराची कटकट वाचते.

इथवर वाचून वाटेल की मी बाजाराच्या बाजूची आहे. पण याच बाजारानं मला पुष्कळ वर्षं बाहेर उभं केलं, हेही तितकंच खरं आहे.

बाई एकटी हार्डवेअरच्या दुकानात उभी राहिली की तिच्यानंतर आलेल्या पुरुषांना आधी सामान मिळतं. कारागीर घाईत असतात हे मला समजतं, त्यांची मजुरी वाया जात असते. पण मी "दहा एमएमचा काँक्रीटचा बिट द्या" म्हटल्यावर "साहेबांना विचारून या, नाहीतर परत बदलायला याल" असं उत्तर मिळणं याला घाई म्हणत नाहीत. एका दुकानात मी ड्रिल मशीन दाखवा म्हटलं तर त्यांनी मला गिफ्ट पॅकमधला स्क्रू ड्रायव्हरचा संच दाखवला. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका याच कारणानं टेस्टर सोडून दुसरं काही घ्यायला कधी गेल्याच नाहीत. हत्यार हातात नाही म्हणून काम येत नाही, आणि काम येत नाही म्हणून हत्याराच्या दुकानात त्यांना कुणी विचारत नाही.

हा दरवाजा माझ्यासाठी उघडला तो फोननं. रात्री जेवणं झाल्यावर मी निवांत बसून वाचायला लागले. साध्या ड्रिलचा बिट पकडणारा 13 मिलिमीटरचा चक आणि रोटरी हॅमरच्या एसडीएस-प्लस जातीच्या बिटची 10 मिलिमीटरची खाचा असलेली दांडी यांत फरक काय, काँक्रीटच्या बीममध्ये साधं इम्पॅक्ट ड्रिल का दमतं आणि रोटरी हॅमर का दमत नाही, 8.8 लिहिलेला बोल्ट आणि काहीच न लिहिलेला बोल्ट यांच्या ताकदीत किती अंतर आहे. कुणी घड्याळ बघत नव्हतं, कुणी साहेबांची चौकशी करत नव्हतं. रोटरी हॅमर मी फोनवरूनच घेतला आणि पडद्याचे दांडे, पुस्तकांच्या फळ्या, बाल्कनीतली वाळत घालायची दोरी हे सगळं स्वतः बसवलं. ते स्वातंत्र्य मला कुठल्याही काउंटरनं दिलं नव्हतं.

आणि गावांचं काय? माझी एक मैत्रीण संगमेश्वर तालुक्यात राहते. तिच्या जवळच्या दुकानात सिमेंट, पत्रे, शेतीचे पाइप आणि खिळे मिळतात. टॉर्क पाना, चांगली जपानी करवत, लाकडाला लावायचे क्लॅम्प तिला हवे असतील तर पूर्वी रत्नागिरी किंवा थेट मुंबई गाठावी लागे. गंमत वाटते ती याची की जेके फाइल्सच्या कानशी रत्नागिरीतच बनतात आणि टपारियाच्या पकडी नाशकात, पण त्यांची सगळी मापं मिळण्यासाठी माणसाला मोठ्या शहराचा बाजार गाठावा लागायचा. आता पिनकोड टाकला की वस्तू येते. तिला मी "गावातल्या दुकानातूनच घे" असं कुठल्या तोंडानं सांगू?

ज्या वस्तूवर नंबर कोरलेला असतो ती लांबून मागवायला हरकत नसते, असं माझं मत झालं आहे. पंख्याचं बेअरिंग घ्या. बहुतेक घरगुती पंख्यांत 6202 नंबरचं असतं, आतलं भोक 15 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 35, जाडी 11. जगात कुठेही बनलं तरी हेच माप. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबराची. इथे नमुना घेऊन हिंडायची गरज उरत नाही. गरज उरते ती खऱ्या-खोट्याची पारख करण्याची, आणि त्यात दोन्ही बाजार सारखेच निसरडे आहेत.

फोनवरचं खोटं आकड्यांत लपतं. बॅटरीवर चालणारी स्वस्त ड्रिल मशिन्स बघा. आत 18650 जातीचे सेल असतात, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब. त्यातले उत्तमातले उत्तम सेल साडेतीन हजार एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आसपास पोचतात. पडद्यावर मात्र बिनदिक्कत नऊ-नऊ हजार लिहिलेलं असतं. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की 18 व्होल्ट होतात आणि पूर्ण चार्ज केल्यावर 21. म्हणून 18, 20 आणि 21 व्होल्टच्या मशिन्स पुष्कळदा एकच असतात, आणि तेवढ्याच आकाराच्या डब्यावर 48 छापलेलं असेल तर ते खोटं समजावं. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम 2020 साली आले. त्यांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि वस्तू कुठल्या देशात बनली हे दाखवावं लागतं. मी आता तारे मोजायच्या आधी विक्रेत्याचं नाव वाचते. पाच तारे देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी खोकं कसं आलं तेवढंच लिहिलेलं असतं. सहा महिन्यांनी मशीन चालतंय का, हे लिहायला कुणी परत येत नाही.

बाजारातलं खोटं निदान तोंडावर बोललं जातं. "कंपनीचं देऊ का लोकल?" हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. लोकल म्हणजे हुबेहूब तसाच दिसणारा, निम्म्या किमतीचा माल. तात्पुरत्या कामाला तो चालतो आणि चांगला दुकानदार तसं सांगतो. वाईट दुकानदार कंपनीच्या खोक्यात घालून देतो. तिथे आपल्या हातात असतं ते पक्कं बिल. "बिल नको असेल तर कमी करतो" याला मी आता होकार देत नाही. ते कमी झालेले पैसे म्हणजे वस्तू बिघडल्यावर परत जाण्याचा माझा हक्क असतो.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बोल्ट देणाऱ्या त्या शेठच्या दुकानात खालचे खण मी नीट पाहिले. व्हिटवर्थचे बोल्ट, बंद पडलेल्या कंपन्यांच्या नळांचे स्पिंडल, स्टीलच्या जुन्या खिडक्यांचे आकडे, चामड्याचे वायसर. व्यापारी भाषेत हा डेड स्टॉक. त्यातलं एखादं वर्षातून कधीतरी जातं आणि त्यातून पाच-दहा रुपये मिळतात. रविवार पेठेतली जागा, माणसाचा पगार, विजेचं बिल हे त्या पाच रुपयांत बसत नाही. ते निघतं ड्रिल मशीन, कुलपं, रंगाचे डबे आणि ब्रँडेड नळ यांच्या विक्रीतून. आणि नेमका हाच माल फोनवर चांगला विकला जातो, कारण त्याला नाव आहे, खोकं आहे, छापील किंमत आहे. म्हणजे ज्या मालाच्या नफ्यावर खालचे खण भरलेले राहत होते तो माल निघून चालला आहे आणि दुकानदाराकडे उरतायत सुटे वायसर मागणारी माझ्यासारखी माणसं. असं किती दिवस चालेल? पोरगा हिशेब करतो आणि म्हणतो, बाबा, हे खण रिकामे करून इथे मोबाइलची कव्हरं लावू.

म्हणून एक गोष्ट मला अगदी मनापासून चुकीची वाटते. दुकानात जायचं, मशीन हातात घेऊन बघायचं, कुठला बिट लागेल, भिंतीत किती खोल जायचं, सगळं विचारायचं आणि मग बाहेर फुटपाथवर उभं राहून तेच मशीन फोनवर शंभर-दोनशे रुपये स्वस्त मागवायचं. त्या माणसाची पंधरा मिनिटं आणि तीस वर्षांचा हात आपण फुकट घेतला. माहिती जिथून घेतली तिथेच पैसे द्यावेत, हे मी स्वतःपुरतं पक्कं केलं आहे. माहिती मी स्वतः वाचून मिळवली असेल आणि वस्तू नंबरवारी असेल तर फोन. काउंटरनं मला काही शिकवलं असेल तर मोठी खरेदीही त्याच काउंटरवर, चार पैसे जास्त देऊन.

सुटं मिळणं ही त्या बाजाराची दुसरी मोठी देणगी आहे. एक वायसर हवा तर एकच मिळतो. दोन गिट्ट्या (भिंतीच्या भोकात बसवून स्क्रू धरून ठेवणारे तुकडे), वीतभर साखळी, पावशेर चुका म्हणजे बारीक खिळे. फोनवर शंभराचं पाकीट घ्यावं लागतं, त्यातले अठ्ठ्याण्णव घरात गंजत पडतात. गरीब माणसाच्या दुरुस्त्या सगळ्या सुट्या मालावर चालतात. महिन्याच्या शेवटी नळ गळायला लागलेल्या घराला एक रुपयाचा वायसर आणि शंभर रुपयांचं पाकीट यातला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आळीही बदलते आहे आणि ते बघून बरं वाटतं. काही दुकानदार आता व्हॉट्सअॅपवर नमुन्याचा फोटो मागतात. त्यातले जाणते शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायला सांगतात आणि बाहेरगावी माल एसटीच्या पार्सलनं पाठवतात. माझ्या संगमेश्वरच्या मैत्रिणीला पंपाचे वायसर असेच मिळाले.

आणि एका दुकानात, जिथे मी कॉलेजात असताना वडिलांच्या मागे उभी असायचे, तिथे आता मालकांची मुलगी बसते. परवा मी तिच्याकडे भिंतीवरच्या कपाटासाठी गिट्ट्या मागितल्या. माप सांगितलं तरी तिनं हात खणाकडे नेला नाही. "भिंत कसली आहे, ताई? विटेची, काँक्रीटची की त्या पांढऱ्या हलक्या ब्लॉकची?" नव्या सोसायटीत ब्लॉकची होती. मग तिनं साध्या गिट्ट्या बाजूला सारल्या, ब्लॉकच्या वेगळ्या काढल्या आणि म्हणाली, "मशीनचा हॅमर बंद ठेवा. नुसतं फिरवून भोक पाडा, आणि बिट एक एमएम कमीचा घ्या, नाहीतर भोक मोठं होईल आणि गिट्टी फिरत राहील." बिट माझ्याकडे नव्हता. तोही तिच्याकडूनच घेतला, पक्क्या बिलावर.